लुत्सीच्या स्कीची छडी

मी छडी बोलतेय. हात पुढे करू नका. शाळेत मास्तरांच्या टेबलावर असायची ती मी नव्हे. माझा मार आजवर कुणी खाल्लेला नाही. तीस-चाळीस वादक वाद्यं घेऊन बसलेले असतात, त्यांच्यासमोर एक माणूस उभा राहतो आणि हातातली बारीक काठी हवेत हलवतो, हे तुम्ही कधीतरी टीव्हीवर पाहिलं असेल. ती काठी मी. लांबी सव्वा फूट, मूठ बाटलीच्या बुचाची. सगळा जन्म वाद्यांमध्ये गेला, पण मला स्वतःचा आवाज नाही.

माझ्या मालकाचं नाव रेतो काफ्लिश. मूळचा स्वित्झर्लंडचा. तो संगीत रचायचा आणि वाद्यवृंद चालवायचा. आयुष्याची चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यानं नेदरलँड्समध्ये काढली. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. मी इथे, मास्ट्रिख्टमध्ये, एका मराठी घरात आहे. इथे कशी आले ते सांगते.

छडी होण्याआधी मी एक स्की होते. बर्फावरून घसरत जायला पायाला लांब फळ्या बांधतात, त्यांतली एक. अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड मी, लवचिक आणि चिवट. रेतोच्या वडिलांनी मला घडवलं. ते सुतार होते. डोंगरातलं तीसेक उंबऱ्यांचं गाव, बोली रोमांश, जी पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसालाही जेमतेम कळावी. वडिलांनी माझी जोडी थोरल्या मुलासाठी, लुत्सीसाठी केली होती. लुत्सी वीस वर्षांचा, गावात त्याच्यासारखं स्की करणारा कुणी नव्हतं. गळाही गोड. धाकटा रेतो सतरा वर्षांचा, जरा भित्रा, सदा संगीताच्या वहीत डोकं घातलेला. त्यांच्या पाठची उर्सिना, बारा वर्षांची.

त्या वर्षी नाताळात रेतो डोंगरापलीकडच्या गावी मावशीकडे गाण्याला गेला आणि आपली वही तिथेच विसरून आला. पुढे सोमवारी त्याला ती चर्चच्या ऑर्गनवादकाला दाखवायची होती. तो भावाच्या मागे लागला. "तू पटकन जाऊन येशील. मला अर्धा दिवस लागेल." लुत्सीनं थोडे आढेवेढे घेतले, मग हसत मला पायाला बांधलं. जाताना सगळं नीट झालं. मावशीनं वही दिली, त्यानं ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. परतताना डोंगराचा बर्फ सुटला.

त्याबद्दल मी फार सांगणार नाही. मी त्याच्या पायाखाली होते आणि मग नव्हते, एवढंच. संध्याकाळी शोधायला आलेल्या लोकांना मी बर्फात उभी रुतलेली सापडले. लुत्सी सापडला मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर.

तोवर मी वडिलांच्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकून होते. म्हणून पुढचं मी पाहिलं. वडील एका दुपारी आत आले, दार लावलं आणि लुत्सीच्या कोटातून निघालेली वही त्यांनी बाकावर उघडली. पेन्सिलीनं लिहिलेलं पाण्यानं पुसलं जात नाही. पहिल्याच पानावर रेतोचं नाव होतं. वडील बराच वेळ ते नाव बघत बसले. मग त्यांनी वही शेगडीत घातली, राख नीट ढवळली आणि हात धुऊन जेवायला गेले.

रेतोला हे कधीच कळलं नाही. तो वहीबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, आणि मावशीसकट कुणी त्याला काही विचारलंही नव्हतं. लुत्सी सहज म्हणून मावशीकडे गेला होता, असंच घरात सगळे बोलायचे. वही बर्फाबरोबर वाहून गेली, आपण सोडून हे कुणालाच ठाऊक नाही, अशी रेतोची पक्की समजूत झाली.

पुढच्या वर्षी तो झुरिकला संगीत शिकायला निघाला, तेव्हा वडिलांनी भिंतीवरून मला काढलं. आधी करवत चालली, मग रंधा, मग काचेचा तुकडा. तीन दिवसांनी मी अशी बारीक होऊन बाहेर आले. निघायच्या सकाळी त्यांनी मला रेतोच्या हातात दिलं. रेतोनं रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला लाकूड कळलं.

"हलकी आहे," वडील म्हणाले. "घाम आला तरी सुटणार नाही."

एवढंच. बाप-लेकांमध्ये त्या विषयावर झालेलं हे सगळ्यात मोठं बोलणं. मी मधे होते, दोघांच्या पोटातलं मला माहीत होतं, आणि मी लाकूड होते.

रेतो चांगला निघाला. झुरिकमध्ये शिकला, मग नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या एका वाद्यवृंदात आला आणि तिथलाच झाला. हात उचलला की चाळीस माणसं एका वेळी श्वास घ्यायची, तो क्षण मला सगळ्यात आवडायचा. संगीत सुरू व्हायच्या आधीचा. तो वादकांवर ओरडत नसे. कुणी चुकलं तर थांबायचा, मला बोटांत फिरवायचा आणि म्हणायचा, "परत बघू या." तिथेच चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्या मारायकेशी त्याचं लग्न झालं. मारायके मास्ट्रिख्टची, मोठ्यानं हसणारी. मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याचं दुःखही केलं आणि नंतर दोन मांजरीही पाळल्या.

रचना त्यानं फार केल्या नाहीत. पण एक होती, ज्यासाठी त्याचं नाव झालं. तिचं नावच 'लुत्सी'. फक्त तंतुवाद्यांसाठी. पहिल्या भागात दोन मुलगे गोठ्यात गातात, एक सुरात आणि दुसरा त्याच्या मागून धावत. दुसरा भाग बर्फाचा. तिसरा भाग होणार होता. दोनच भाग आर्नहेमला वाजवले, तरी लोक उभे राहिले होते. वर्तमानपत्रानं लिहिलं की आता शेवटाची वाट पाहू.

शेवट आला नाही. दर हिवाळ्यात रेतो कागद घेऊन बसायचा, लिहायचा आणि कागदाला भोक पडेपर्यंत खोडायचा. मी टेबलावर पडून बघायचे. मारायके दारातून विचारायची, "तिसरा भाग कधी?" तो म्हणायचा, "सापडत नाहीये." तिला एवढंच माहीत होतं की भाऊ बर्फात गेला. जास्त तिनं विचारलं नाही, आणि यानं सांगितलं नाही.

मग कंप आला. तो आधी मला कळला. बोटं मुठीवर असताना आतून एक बारीक थरथर यायची, दुसऱ्या खोलीत फ्रिज सुरू असावा तशी. रेतो साठी ओलांडून पुढे गेला होता. त्यानं माझी मूठ जाड करून घेतली, मला घट्ट धरू लागला, कधी डावा हात उजव्यावर ठेवू लागला. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका कार्यक्रमात संथ भाग सुरू व्हायचा होता. त्यानं मला वर धरलं आणि थांबला. सभागृह शांत. आणि मी हलले. त्यानं हलवलं नव्हतं. पाचही चेलो एक ठोका आधी सुरू झाले, त्यांत मारायके पण होती. बाकीचे गोंधळले, कुणी धावलं, कुणी थांबलं. दहा-बारा सेकंदांत सावरलं, श्रोत्यांपैकी निम्म्यांना कळलंही नसेल. पण वादकांना कळलं.

घरी जाताना गाडी मारायके चालवत होती. "रेतो, तुझा हात."

"थंडी आहे," तो म्हणाला. मे महिना चालू होता.

हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरनं, पुढे पाठवलं आणि पार्किन्सनचं निदान झालं. वाद्यवृंदानं फुलं दिली, भाषणं केली, निरोप दिला. दोघं मारायकेच्या गावी, मास्ट्रिख्टला, मास नदीजवळच्या एका विटांच्या घरात राहायला आली. तीन वर्षांनी मारायके कर्करोगानं गेली. आजारी त्यानं पडायचं आणि तिनं बघायचं असं ठरलं होतं, झालं उलटंच. शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं होतं, "तिसरा भाग?" तो तिचा हात धरून बसला.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात पडून होते. कोणी टाकलं कुणास ठाऊक. दोन वर्षं काटे-चमच्यांत काढली. रोज खण उघडायचा, थरथरता हात यायचा, चमचा घेऊन जायचा.

तिथून मला यामिनीनं काढलं.

यामिनी साळवे औरंगाबादची. मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात ती संशोधन करते, आरोग्याच्या आकडेवारीवर. लहानपणी व्हायोलिन शिकली होती, म्हणून इथल्या हौशी वाद्यवृंदात जायची. एक दाताचा डॉक्टर, दोन निवृत्त शिक्षिका, एक पोस्टमन, अशी ती मंडळी. शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये जमायची. त्यांनी रेतोला विचारलं, बसल्या बसल्या शिकवाल का. तो हो म्हणाला. सगळे त्याला रेतो म्हणत, यामिनी पहिल्या दिवसापासून सर म्हणायची. त्याला घरी सोडायला येऊन ती चहा करत होती, साखर ढवळायला खण उघडला, आणि मी हाती लागले.

"सर, ही इथे काय करतेय?"

"निवृत्त झालीय," रेतो म्हणाला.

तिनं मला धुतलं, पुसलं आणि त्याच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या शनिवारी त्याच्या पिशवीत घातलं. मी पुन्हा कामाला लागले. कंपामुळे माझ्याकडे बघून ताल धरणं अवघड होतं. ते लोक त्याच्या खांद्यांकडे आणि श्वासाकडे बघायला शिकले. वाजवणं यथातथाच. पण तो शनिवारची वाट बघायचा.

त्या उन्हाळ्यात यामिनीचे वडील तीन महिन्यांसाठी आले. लहू साळवे. एसटीत एकतीस वर्षं नोकरी, गावोगाव भीमगीतांच्या गायनपार्टीत गायलेले. यामिनी कामावर गेली की त्यांना दिवस खायला उठायचा. तिला वाटलं, दोन म्हातारी माणसं एकमेकांना सोबत होतील. एका संध्याकाळी ती त्यांना घेऊन आली.

"बाबा, हे रेतो सर. कंडक्टर होते."

"अरे वा," लहू साळव्यांनी हात जोडले. "कोणत्या डेपोला?"

यामिनीनं हसत हसत रेतोला अर्थ सांगितला. मारायके गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्या मांडीवरून खाली पडले. त्यानं यामिनीकरवी विचारलं, तुम्ही गाडी कशी सुरू करायचात?

"डबल बेल. आणि थांबवायला सिंगल."

"माझं थांबवणंच अवघड असायचं," रेतो म्हणाला.

मग लहू साळवे रोज दुपारी येऊ लागले. थर्मासमधून चहा आणायचे. एकाला मराठी आणि मोडकं हिंदी, दुसऱ्याला चार भाषा आणि त्यांतली एकही याला येत नाही. लहू साळवे खालच्या आवाजात गात बसायचे, रेतो मला खुर्चीच्या हातावर हलकेच आपटत ताल धरायचा. कधी दोघंही नुसते खिडकीतून सायकली बघत.

ऑगस्टातली एक दुपार. बाहेर पाऊस, दोघांच्या हातात चहा. रेतोनं कप खाली ठेवला आणि तो बोलायला लागला. डचमध्ये नाही, जर्मनमध्येही नाही, रोमांशमध्ये. ती भाषा त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तो म्हणाला, वही माझी होती. मी त्याला पाठवलं. तो नको म्हणत होता, मी हट्ट केला. आईला नाही सांगितलं, वडिलांना नाही, मारायकेला पण नाही. ते वाट बघत होते तेव्हा मला माहीत होतं तो कुठल्या वाटेनं येतोय, आणि वही पुढे येईल म्हणून ते सांगायलाही मी तास घालवला.

तो तास मला माहीत नव्हता. मी तेव्हा बर्फात होते.

लहू साळवे मान खाली घालून ऐकत होते. तो बोलायचा थांबला तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ सरकवली आणि थरथरणारा हात, माझ्यासकट, आपल्या दोन्ही हातांत धरला.

"होतं असं," ते मराठीत म्हणाले. "आपण काय मुद्दाम करतो का?"

रेतोला शब्द कळले नाहीत. पण तो रडला, लहान मुलासारखा, तोंड न झाकता. त्या क्षणी मला वाचा फुटायला हवी होती. रेतो, तुझ्या वडिलांना माहीत होतं. वहीवरचं नाव वाचून त्यांनी मला तुझ्यासाठी घडवलं. एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं.

दुसऱ्या दिवशी त्यानं यामिनीला फोन केला. "माझ्याच्यानं लिहवत नाही. तू उतरवून घेशील?"

ती लॅपटॉप घेऊन येऊ लागली. तो गाऊन दाखवायचा, फाटक्या आवाजात, आणि स्वर किती लांब ते माझे ठोके टेबलावर देऊन सांगायचा. मधूनच कंपाचे जास्तीचे ठोके पडायचे. कुठले ठोके त्याचे आणि कुठले आजाराचे, हे यामिनी आठवड्याभरात ओळखायला शिकली.

तिसऱ्या भागात व्हायोलिनहून जरा मोठा, खालच्या सुराचा एक व्हायोला एकटाच बोलत राहतो. इतर सगळे हातात वाद्य धरून बसलेले.

"सर, बाकीच्यांना इथे काहीच नाही?"

"नाही."

"चार मिनिटं?"

"ते ऐकतायत," रेतो म्हणाला. "उत्तर द्यायचं नाही कुणी."

सप्टेंबरात लहू साळव्यांचा व्हिसा संपला. निघताना दारात त्यांनी चौकटीवर दोनदा टकटक केलं. रेतोनं माझ्या टोकानं खुर्चीवर दोनदा टकटक केलं. नोव्हेंबरात तिसरा भाग पुरा झाला. हौशी वाद्यवृंदानं तो मार्चमध्ये वाजवायचं ठरवलं, आणि रेतोनं यामिनीला विचारलं की आपला काळा कोट अजून अंगाला होईल का.

जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. यामिनी मला दवाखान्यात घेऊन गेली, त्याच्या हातात दिलं. त्यानं मूठ आवळली. थोड्या वेळानं नर्सनं हळूच त्याची बोटं सोडवून मला काढून घेतलं. "डोळ्यात जाईल," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. फेब्रुवारीत रेतो गेला. झोपेत गेला, असं यामिनी फोनवर वडिलांना सांगत होती.

मार्चचा कार्यक्रम झाला. संचालनाला एक तरुण बाई बोलावली होती, तिची स्वतःची पांढरी, गुळगुळीत छडी होती. मी यामिनीच्या व्हायोलिनच्या पेटीत होते आणि पेटी बाजूच्या खोलीत. 'लुत्सी' मी भिंतीआडून ऐकलं. पहिला भाग, दुसरा भाग. तिसऱ्यात तो एकटा व्हायोला. पोस्टमन वाजवत होता, एकदा त्याचा गज घसरला. संपल्यावर बराच वेळ टाळी पडली नाही. संपलं हे लोकांच्या लक्षातच आलं नव्हतं.

एप्रिलात उर्सिना आली. रेतोची धाकटी बहीण, आता सत्तरीच्या आसपास, रेल्वेनं, एक लहानशी बॅग घेऊन. भावाच्या अस्थी न्यायला. यामिनीनं तिला घरी जेवायला बोलावलं, आणि जेवण झाल्यावर मला तिच्यापुढे ठेवलं.

"ही तुमच्या घरची आहे. तुम्ही न्यावी."

उर्सिनानं मला उचललं नाही. नुसतं बोट फिरवलं. मग मोजक्या इंग्रजीत सांगू लागली. लुत्सी कुठे गेला होता, कशासाठी गेला होता. मावशीनं त्याच आठवड्यात आईला सांगितलं होतं, की वही आपणच त्याच्या हातात दिली. वडिलांना वही मिळाली. तिनं स्वतः आई-वडिलांना दाराआड बोलताना ऐकलं.

"म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं?" यामिनीनं विचारलं.

"सगळ्यांना. आई म्हणाली, पोराला कधी कळू द्यायचं नाही की आपल्याला माहीत आहे. त्याचं मन मोडेल. मग तो विषय आम्ही कुणीच काढला नाही. आम्हाला वाटलं, तो विसरला असेल. इतका पुढे गेला, नाव झालं." तिनं माझ्यावरचं बोट उचललं. "विसरला होता ना तो?"

यामिनी उठली आणि तिनं चहाचं पाणी ठेवलं.  मग म्हणाली, "त्यांनी एक भाग रचलाय. मी तुम्हाला ऐकवते."

उर्सिनानं डोळे मिटून तो ऐकला. व्हायोला बोलत होता आणि बाकी सगळे गप्प होते. संपल्यावर तिनं बॅग उचलली, मला तिथेच राहू दिलं. जाताना म्हणाली, "मला घरी नको आहे ती. तुमच्याकडे असू दे."

त्या रविवारी यामिनीनं वडिलांना फोन लावला. "बाबा, त्या पावसाच्या दुपारी सर तुम्हाला काय सांगत होते, आठवतं? रडले होते ते."

"न आठवायला काय झालं," लहू साळवे म्हणाले. "बायकोचं सांगत होते ना? भांडणबिंडण झालं असेल कधी, राहून गेलं असेल मनात."

यामिनीनं त्यांना लुत्सीचं, वहीचं, उर्सिनाकडून कळलेलं सगळं सांगितलं. पलीकडून काहीच आवाज येईना. तिला वाटलं, फोन कट झाला.

"हॅलो, बाबा?"

"आहे मी. ऐकतोय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "त्याच्या बापानं नुसतं 'पोरा' म्हणून हाक मारली असती तरी चाललं असतं गं."

आता मी यामिनीच्या टेबलावर एका उंच पेल्यात उभी असते, पेनं आणि एका फूटपट्टीच्या सोबतीनं. मुठीचं बूच भुगा होत चाललंय, टोक किंचित वाकलंय. शनिवारी ती व्हायोलिन घेऊन जाते, मला नेत नाही. कधीमधी फडक्यानं पुसते. माझं काम संपलंय, त्याची तक्रार नाही. लाकडाला आणखी काय हवं.

एवढं मात्र मनातून जात नाही. पन्नासहून जास्त वर्षं एक माणूस मला हातात धरून उभा होता, आणि त्याला हवी असलेली दोन वाक्यं माझ्याजवळ होती. तुमच्याही घरात कुणी असं काही गिळून बसलं असेल. तुम्हाला ते ठाऊकही असेल, आणि त्याचं मन राखायचं म्हणून तुम्ही गप्प असाल. जवळ जा, खुर्ची ओढून बसा आणि सांगा त्याला की मला माहीत आहे. मी लाकूड होते. तुम्हाला तर बोलता येतं.